‘काय म्हणाला तो?’

आमच्या शाळेत समुपदेशक असं पदच नाहीये. संचमान्यतेत शिक्षक किती, क्लार्क किती, शिपाई किती सगळं ठरलेलं असतं, त्यात हा शब्द कुठेच बसत नाही. त्यामुळे जून २०२३ मध्ये मुख्याध्यापक सर तालुक्याच्या मीटिंगवरून परत आले आणि मधल्या सुट्टीत मला म्हणाले, "मॅडम, समुपदेशनाचा चार्ज तुमच्याकडे दिलाय, तुम्ही गोड बोलता", तेव्हा मला पहिल्यांदा आठवलं ते हस्तलिखित, स्नेहसंमेलन आणि पोषण आहाराचं रजिस्टर, ही तिन्ही कामं आधीच माझ्याच गळ्यात होती, म्हटलं घ्या अजून एक. मी मराठी आणि इतिहास शिकवते. बीएडला मानसशास्त्राचा एक पेपर होता, तो कसा पास झाले ते माझं मला माहीत.

निफाड तालुक्यातली अनुदानित शाळा, पाचवी ते दहावी, अकराशेच्या आसपास मुलं. गावाचं आणि शाळेचं नाव लिहीत नाही, का ते पुढे कळेलच. मुलाचं नाव आणि काही बारीकसारीक गोष्टी बदलल्यात, आणि हे लिहू का असं त्याला आधी विचारलंय. तेवढं तरी शिकले मी या दोन वर्षांत.

दोन दिवसांचं ऑनलाइन ट्रेनिंग झालं. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मी कॅमेरा बंद करून मेथी निवडली. पीपीटीवर ‘विद्यार्थ्याचा विश्वास संपादन करा’ असं लिहिलेलं होतं, तो कसा करायचा त्याची स्लाइड काही आली नाही.

मग खोली मिळाली. ऑफिसच्या शेजारची जुनी शिवणाची खोली, एक मशीन अजून कोपऱ्यात होतं. चित्रकलेच्या सरांनी मस्त निळ्या अक्षरात ‘समुपदेशन कक्ष’ रंगवून दिलं, टेबल मांडलं, इकडे एक खुर्ची तिकडे एक खुर्ची. आता गंमत अशी की त्याच खोलीच्या दारासमोर तो बाक आहे ज्यावर शिक्षा झालेली मुलं बसवतात, म्हणजे माझ्याकडे यायचं तर आधी सगळ्या शाळेसमोर त्या बाकावरून जायचं. पंधरा दिवसात मुलांनी खोलीला नाव पाडलं, मेंटल रूम. जून ते सप्टेंबर माझ्याकडे दोन मुलं आली, त्यातला एक स्टेपलर मागायला आला होता.

तक्रारपेटीची कथा तर अजून भारी. प्रत्येक शाळेत तक्रारपेटी हवी असा नियम आहे, तशी आमच्याकडेही होती, गेटजवळ, बरोब्बर सीसीटीव्हीच्या खाली, आणि किल्ली क्लार्ककडे. मी मागून घेतली आणि उघडली तर चॉकलेटचे कागद, एक मेलेली पाल, ‘गणिताच्या सरांना बदला’ अशा चार चिठ्ठ्या एकाच अक्षरात, आणि वहीच्या कोपऱ्याचा फाडलेला एक तुकडा, ‘मला रात्री झोप येत नाही’. नाव नाही, तारीख नाही. ती चिठ्ठी किती दिवस तिथे पडून होती देव जाणे. ती कुणाची ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

दिवाळीनंतर मी बोर्ड काढून टाकला. सरांना आवडलं नाही, तपासणीला बोर्ड दिसला पाहिजे म्हणाले, म्हटलं तपासणीच्या दिवशी लावू. लायब्ररीच्या मागच्या बाजूला एक लांबट जागा आहे तिथे दोन सतरंज्या टाकल्या आणि नाव ठेवलं वाचन कोपरा. पेटीही तिकडेच नेली, पुस्तकं परत करायच्या पेटीशेजारी, म्हणजे कोण काय टाकतंय ते कुणाला समजू नये. आणि एक काम ठेवलं, जुन्या पुस्तकांना खाकी कव्हर घालायचं. हे मी काही विचार करून ठेवलं नव्हतं हां, पुस्तकं खरंच फाटली होती. पण हात कामात असले की मुलं बोलतात, समोरासमोर खुर्च्यांवर बसवलं की बोलत नाहीत. आपणही घरी शेंगा सोलताना जेवढं बोलतो तेवढं एरवी कुठे बोलतो.

मुलं यायला लागली. बहुतेक गोष्टी लहानच, मैत्रिणी बोलत नाहीत, इन्स्टावर कुणीतरी फोटोखाली काहीतरी लिहिलं, इंग्रजीच्या तासाला उभं केलं की घाम फुटतो, ‘ड’ तुकडीत टाकलं म्हणून घरी सांगितलंच नाही. तुकडीचं तर काय सांगू, आमच्याकडे ‘अ’ म्हणजे हुशार आणि ‘ड’ म्हणजे जे काय ते, वर्षानुवर्षं असंच चाललंय आणि मीही वीस वर्षं ‘अ’ला शिकवायला मिळावं म्हणून धडपडलेय.

आणि प्रत्येक वेळी मी कोपऱ्यातून स्टाफरूममध्ये आले की चहाचा कप हातात यायच्या आधी प्रश्न यायचा, काय म्हणाला तो? काय म्हणत होती ती? वाईट हेतूने नाही हो. आमच्या स्टाफमध्ये निम्मे लोक याच पंचक्रोशीतले, कुणी त्या मुलाचा मामा लागतो, कुणाचं शेत शेजारी, कुणी त्याच्या आईलाही शिकवलंय. त्यांना वाटतं आपलंच पोर आहे, आपल्याला कळायला नको का. सुरुवातीला मी सांगायचे. थोडं थोडं. माझ्या लेखी ते गॉसिप नव्हतंच, मुलाची चौकशी होती.

मग ओंकार.

जानेवारी २०२४. नववीची सहल निघायची होती, मॉनिटरकडचे सहलीचे पैसे सापडेनात, वर्गशिक्षकांनी सगळ्यांची दप्तरं तपासली. पैसे मॉनिटरच्याच कंपासपेटीत निघाले, पण ओंकारच्या दप्तरात तळाशी एक मोठी किल्ली निघाली, सुतळी बांधलेली, कुलपाची असते तसली. कशाची म्हणून विचारलं तर बोलेना. एरवी पहिल्या पाचात असणारा मुलगा, सहामाहीनंतर तासाला झोपायला लागला होता, दोनदा तर बेंचवरून पडता पडता राहिला. वर्गशिक्षक त्याला माझ्याकडे घेऊन आले, "मॅडम बघा जरा, किल्ली घेऊन फिरतो आणि सांगत नाही".

मी किल्लीचं काही विचारलं नाही, हुशारी म्हणून नाही, काय विचारावं तेच सुचेना. म्हटलं कव्हर घाल. दोन दिवस त्याने नुसती कव्हरं घातली, फार नीट घालायचा, कोपरे दुमडून आत डिंक लावायचा. तिसऱ्या दिवशी विचारलं, झोप का येते रे इतकी. म्हणाला, "रात्री बागेत शेकोट्या करायला जातो मॅडम". आमच्याकडे हे अगदी पटण्यासारखं आहे, निफाडची थंडी सगळ्या महाराष्ट्राला माहितीये, पारा खाली गेला की द्राक्षाला जपायला रात्रभर बागेत शेकोट्या पेटवतात. मी मान डोलावली. संध्याकाळी शिपाईमामांना सहज म्हटलं तर मामा म्हणाले, "शेकोटी कशाला करतील, त्यांची बाग तर गारपिटीत गेली ना".

ते खरंच होतं. नोव्हेंबर २०२३ च्या शेवटच्या आठवड्यात जी गारपीट झाली तिने आमच्या भागातल्या कितीतरी बागा एका संध्याकाळी झोपवल्या, नुकते मणी धरलेले होते. आणि त्यातून सावरायला कांदा आहे म्हणावं तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, लासलगावला भाव धाडकन पडले. सोसायटीचं कर्ज, वर औषधाच्या दुकानाची उधारी. ही घरं मला माहीत होती, वर्गात बसलेल्या अर्ध्या मुलांची घरं तीच, पण पेपरातली बातमी आणि चौथ्या बेंचवर झोपलेला मुलगा यांची सांगड मी घातली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी त्याला खोटं पकडल्यासारखं काही केलं नाही. तो खाकी कागद फाडत होता, पट्टी ठेवून, सरळ रेषेत. मान वर न करता म्हणाला, "औषधाच्या खोलीची आहे ती". मला क्षणभर कळलंच नाही. मग म्हणाला, पप्पा रात्री ओट्यावर बसून राहतात, दोन वाजतात तीन वाजतात, ते आत येऊन आडवे झाले की मग मी झोपतो. फवारणीच्या औषधांची खोली तो संध्याकाळी कुलूप लावून बंद करायचा आणि किल्ली दप्तरात टाकून शाळेत आणायचा. दीड महिना. चौदा वर्षांचं पोर. पप्पांनी किल्ली मागितली तर हरवली म्हणून सांगितलं होतं.

मी त्याला म्हटलं, बरं झालं सांगितलंस. आणि म्हटलं, कुणाला सांगणार नाही.

हे दुसरं वाक्य बोलायला नको होतं.

त्या रात्री मलाच झोप नाही. आणि सकाळी स्टाफरूममध्ये वर्गशिक्षकांनी विचारलं काय म्हणाला तो, तर मी बोलून गेले, सर त्याला जरा सांभाळून घ्या, वडिलांच्या जिवाची काळजी वाटतेय त्याला. बस्स, एवढंच. किल्लीबद्दल अवाक्षर नाही. सर चांगला माणूस, खरंच, ते त्याच गावचे. दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीवर दूध घालायला ओंकारचे वडील आले तर सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आपुलकीने म्हणाले, "धीर धरा भाऊ, मनात वेडंवाकडं काही आणू नका". डेअरीवर, किटल्या घेऊन रांगेत उभ्या असलेल्या पंधरा-वीस लोकांसमोर.

ओंकार चार दिवस शाळेत आला नाही.

नाशिकला माझ्या ओळखीच्या एक सायकॉलॉजिस्ट आहेत, त्यांना फोन केला, मला वाटलं त्या धीर देतील. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "कुणाला सांगणार आहात ते तुम्ही त्याला विचारलंत का?" नाही. "आणि आईला का नाही सांगितलंत, त्याच दिवशी?" यालाही माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या म्हणाल्या, कुणाच्याही जिवाचा प्रश्न असला की ती गोष्ट मुलात आणि तुमच्यात ठेवताच येत नाही, घरातल्या मोठ्या माणसापर्यंत ती त्याच दिवशी गेली पाहिजे, पण मुलाला सांगून, जमलं तर त्याच्यासमोर. म्हणजे बघा, सांगायचं तर होतंच. मी जिथे सांगायचं तिथे सांगितलं नाही आणि जिथे सांगायचं नाही तिथे चहा पिता पिता सांगितलं. गुप्तता ठेवण्यातही चुकले आणि मोडण्यातही.

संध्याकाळी स्कूटीवर हिंदीच्या मॅडमना मागे बसवून ओंकारच्या घरी, मळ्यात गेले, निमित्त स्कॉलरशिपच्या फॉर्मचं. मॅडम आत आजीशी बोलत बसल्या. ओंकार गोठ्यात होता. म्हटलं ओंकार, मी चुकले, तुला विचारल्याशिवाय मी सरांशी बोलले. त्याने उत्तर दिलं नाही, गायीच्या मानेखाली खाजवत राहिला. म्हटलं आता मला तुझ्या आईशी बोलावं लागणार आहे, किल्लीचं सांगावं लागणार आहे, तू बरोबर थांबलास तर बरं. तो थांबला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

आई चुलीपुढे होत्या. मी म्हटलं ताई, असं असं आहे, हा रात्री जागतो. त्यांनी भाकरी तव्यावर टाकली आणि तशीच राहू दिली, ती करपायला लागली तरी हात हलेना. मग पोराकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे तूबी जागाच असायचा?" त्याही जाग्याच असायच्या. पांघरुणातून दाराकडे बघत. दीड महिना एका घरात मायलेक दोघं डोळे उघडे ठेवून पडलेले, आणि एकाला दुसऱ्याचं ठाऊक नाही.

तिथेच बसून माझ्या मोबाईलवरून १४४१६ लावला, स्पीकरवर. टेलि-मानस, केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, ऑक्टोबर २०२२ पासून, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलतात. पलीकडच्या बाई घाईत नव्हत्या, ताईंना एकेक विचारत गेल्या, जेवतात का, बोलतात का, मला जगायचं नाही असं तोंडाने कधी म्हणाले का. शेवटचा प्रश्न ऐकून मी दचकले, मला वाटायचं असं थेट विचारलं तर माणसाच्या डोक्यात नसलेलं येतं, त्या म्हणाल्या तसं होत नाही, उलट विचारलं की माणूस मोकळा होतो. औषधं घरातून हलवा, माणूस एकटा ठेवू नका आणि सिव्हिलला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे दाखवा. औषधं त्याच रात्री ताईंच्या दिराच्या मळ्यात गेली. ओंकारने दप्तरातून किल्ली काढून आईच्या हातात दिली आणि लगेच बाहेर निघून गेला.

वडील पहिल्यांदा नाहीच म्हणाले. मग दिराने झोपेचे डॉक्टर आहेत म्हणून नाशिकला नेलं, केसपेपर काढला, गोळ्या सुरू झाल्या, दर महिन्याला एसटीने जायचं. दोनदा मध्येच बंदही केल्या. कर्ज तसंच आहे. पण आता रात्री ओट्यावर बसत नाहीत, ताई म्हणतात.

आणि ओंकार माझ्याशी जूनपर्यंत बोलला नाही. तासाला हजेरी द्यायचा, येस मॅडम, तेवढंच. वाचन कोपऱ्यात पाऊल टाकलं नाही. ते मला लागलं, पण बरोबरच होतं त्याचं.

त्यानंतर मी नाशिकला शनिवार-रविवारचा एक कोर्स केला, पैसे माझे, रजा माझ्या. आणि कोपऱ्यात मूल पहिल्यांदा बसलं की कव्हर हातात द्यायच्या आधी एक गोष्ट सांगायला लागले, की तू जे सांगशील ते माझ्याजवळ राहील, फक्त तीन वेळा राहणार नाही, तुझ्या जिवाला धोका असेल तर, दुसऱ्या कुणाच्या जिवाला असेल तर, आणि कुणी तुझ्या अंगाला नको तसा हात लावत असेल तर, आणि तेव्हाही मी कुणाला सांगतेय ते आधी तुला सांगेन. तिसऱ्याला कायदाच आहे, पोक्सो, २०१२ चा, कलम १९, ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायलाच लागतं, शिक्षक असो की कुणीही, ‘शाळेची बदनामी होईल’ हे कारण तिथे चालत नाही. तशी एक वेळ आली माझ्यावर, त्याबद्दल इथे काही लिहिणार नाही. मला वाटलं होतं अटी ऐकून मुलं घाबरतील, गप्प बसतील. तर ती उलट जास्त बोलतात. एका सातवीतल्या मुलीने तर अटी वहीत लिहून घेतल्या आणि खाली माझी सही मागितली.

स्टाफरूमचं काय केलं ते विचाराल तर वाईटपणा घेतला. काय म्हणाली ती, तर म्हणते तिला विचारा. वर्गशिक्षकांना जेवढं गरजेचं तेवढंच, म्हणजे ‘दोन आठवडे याला फळ्यावर बोलावू नका’, कारण नाही. सहा महिने मला शिष्ट म्हटलं गेलं. ते सर मात्र स्वतःहून येऊन म्हणाले, मॅडम डेअरीवर मी तसं बोलायला नको होतं. मी म्हटलं, मी चहाला बोलायला नको होतं.

वरून पत्रं येतात ती वेगळीच. किती विद्यार्थ्यांचे समुपदेशन केले, लाभार्थी संख्या, फोटोसह अहवाल सादर करावा. रडणाऱ्या मुलाचा फोटो काढू का मी? मी सतरंजी आणि पुस्तकांचा फोटो पाठवते, त्यावर कुणी काही विचारलेलं नाही. माझ्या वहीत फक्त तारीख आणि नंबर असतो, नाव नसतं, वही घरी कपाटात.

गेल्या वर्षी, जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, सरांनीच ग्रुपवर टाकला, की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर असावा, आणि मार्कांवरून मुलांच्या वेगळ्या बॅचेस करू नका असंही त्यात आहे. आम्ही अकराशे. ग्रुपवर सतरा जणांनी अंगठा दाखवला. पद आलेलं नाही, ‘अ’ आणि ‘ड’ आहे तिथेच आहेत. माझ्याकडे चार्ज आहे, हस्तलिखित आहे आणि आता निवडणुकीचं बीएलओचंही काम आलंय.

ओंकार दहावीत पुन्हा कोपऱ्यात यायला लागला, स्वतःहून, कशाला आला ते मी विचारलं नाही, खाकी कागद पुढे केला. मार्च २०२५ ला परीक्षा दिली, मार्क बरे पडले. जूनमध्ये दाखला न्यायला आला तेव्हा उंच झाला होता, मिसरूड फुटलेलं. दहा मिनिटं सतरंजीवर बसला, घरचं सांगितलं, कॉलेजचं सांगितलं, निघताना एका पुस्तकाचं सुटलेलं कव्हर नीट करून गेला.

मी स्टाफरूममध्ये आले तर इतिहासाच्या नव्या मॅडमनी लगेच विचारलं, काय म्हणत होता तो?

म्हटलं, कांद्याला भाव नाही म्हणत होता.